शिक्षा संपल्यानंतरची हजेरी

गेली चार वर्षे महिन्यातल्या एका शनिवारी मी इथे अमेरिकेत तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांना अर्ज भरायला मदत करतो. ओळखपत्र, नोकरी, घरभाडे, आरोग्यविमा असे ते साधे अर्ज असतात. पहिल्याच वर्षी पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ समोर येऊन बसले आणि त्यांनी विचारले, की नोकरीसाठी ईमेलचा नवा पत्ता उघडला तर तो शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात किती दिवसांत कळवावा लागेल. मला प्रश्नच समजला नाही. त्यांची शिक्षा सतरा वर्षांपूर्वी संपली होती, प्रोबेशन म्हणजे देखरेखीखालचा काळही केव्हाच पूर्ण झाले होते. तरीही दर तीन महिन्यांनी त्यांना कार्यालयात जाऊन उभे राहावे लागत होते, कारण त्यांचे नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदणीत होते आणि त्यांच्या राज्यातल्या कायद्यानुसार ते तिथे मरेपर्यंत राहणार होते.

त्यांचा गुन्हा खरा होता आणि त्यांनी तो न्यायालयात कबूल केला होता. ज्या व्यक्तीवर तो झाला तिचे नुकसान मी लिहिलेल्या कोणत्याही वाक्याने कमी होणार नाही, हे मी जाणतो. तरीही त्या दिवसानंतर मी हे कायदे वाचायला घेतले, आणि जे वाचले त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: ज्या शिक्षेला कायदा शिक्षा म्हणतच नाही, तिला शेवट देण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही.

अमेरिकेत राज्यव्यापी नोंदणी सर्वांत आधी कॅलिफोर्नियाने १९४७ साली सुरू केली, पण ती अनेक दशके पोलिसांच्या कपाटातच राहिली. आजचे स्वरूप १९९० च्या दशकातले आहे. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये मिनेसोटातल्या जेकब वेटरलिंग या अकरा वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले; त्याच्या नावाने १९९४ साली झालेल्या संघीय कायद्याने प्रत्येक राज्याला नोंदणी ठेवायला सांगितले. त्याच वर्षी न्यू जर्सीत सात वर्षांच्या मेगन कांकाची हत्या झाली. मारेकरी समोरच्याच घरात राहत होता आणि त्याला आधी दोनदा मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली होती, पण तिच्या आईवडिलांना याची कल्पना नव्हती. १९९६ च्या ‘मेगन्स लॉ’ने ही माहिती लोकांपुढे ठेवणे राज्यांना बंधनकारक केले. त्या आईवडिलांचा आक्रोश ज्याला समजत नाही, त्याने या विषयावर बोलू नये असे मला वाटते. तो कायदा दुःखातून जन्मला आणि त्यामागचा हेतू प्रामाणिक होता.

२००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने या रचनेला देशभर एक साचा दिला. त्यात गुन्हेगारांचे तीन स्तर आहेत: पहिल्यासाठी १५ वर्षे, दुसऱ्यासाठी २५ वर्षे आणि तिसऱ्यासाठी आयुष्यभर नोंदणी. पहिल्या स्तरातल्या माणसाने वर्षातून एकदा, दुसऱ्याने दर सहा महिन्यांनी आणि तिसऱ्याने दर तीन महिन्यांनी स्वतः हजर व्हायचे. नाव, घर, नोकरी किंवा शिक्षणसंस्था बदलली तर कामकाजाच्या तीन दिवसांत जाऊन कळवायचे. परदेशी जायचे असेल तर २१ दिवस आधी सांगायचे. नोंदणीत कसूर झाल्यास संघीय कायद्याखाली दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. यात महत्त्वाची गोष्ट अशी, की माणूस कोणत्या स्तरात जाईल हे त्याच्यापासून आज किती धोका आहे यावरून ठरत नाही, तर त्याला कोणत्या कलमाखाली दोषी ठरवले गेले यावरून ठरते. तीस वर्षांपूर्वीचे कलम हेच त्याचे आजचे वर्णन असते.

हे सगळे घटनेत बसते कसे, हा प्रश्न २००३ साली ‘स्मिथ विरुद्ध डो’ या अलास्कातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गुन्हा घडला तेव्हा अस्तित्वात नसलेली शिक्षा नंतर कायदा करून देता येत नाही, असा अमेरिकी राज्यघटनेचा नियम आहे. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की नोंदणी ही शिक्षा नव्हेच. ती लोकांच्या सुरक्षिततेसाठी केलेली दिवाणी स्वरूपाची व्यवस्था आहे, आणि संकेतस्थळावर नाव शोधणे म्हणजे सरकारी दप्तरखान्यात जाऊन जुना अभिलेख पाहण्यासारखे आहे. माझ्या मते आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ या निकालात आहे. व्यवस्था ‘दिवाणी’ ठरली की ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू करता येते आणि दर अधिवेशनात वाढवता येते. वीस वर्षांपूर्वी ज्याने दहा वर्षांची नोंदणी मान्य करून गुन्हा कबूल केला, त्याला नव्या कायद्याने आयुष्यभर बांधता येते, आणि या वाढीला न्यायाधीशाच्या सहीची गरज पडत नाही.

त्या निकालात न्यायमूर्ती केनेडी यांनी लैंगिक गुन्हेगारांनी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका ‘भयावह आणि मोठा’ असल्याचे म्हटले. हे शब्द २००२ च्या एका निकालातून आले होते, आणि त्या निकालात उपचार न घेतलेल्यांबाबत ८० टक्क्यांपर्यंतचा अंदाज उद्धृत केला होता. कायद्याचे प्राध्यापक आयरा एलमन आणि टारा एलमन यांनी २०१५ साली या आकड्याचा माग काढला, तेव्हा तो १९८६ साली मानसशास्त्रावरच्या एका लोकप्रिय मासिकात आलेल्या लेखातल्या एका वाक्यापर्यंत जाऊन पोहोचला. ते वाक्य एका समुपदेशकाचे होते आणि त्याच्या पुष्टीसाठी लेखात कोणतीही आकडेवारी नव्हती. याउलट न्याय विभागाच्याच सांख्यिकी कार्यालयाने १९९४ साली पंधरा राज्यांतून सुटलेल्या ९,६९१ पुरुष लैंगिक गुन्हेगारांचा तीन वर्षे मागोवा घेतला, तेव्हा नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक झालेल्यांचे प्रमाण ५.३ टक्के निघाले. असे अनेक गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे खरे प्रमाण यापेक्षा जास्त असणार, हे मान्य केलेच पाहिजे. पण लाखो लोकांचे आयुष्य ज्या अंदाजावर बांधले गेले, तो असा निराधार निघावा, हे मला आजही अस्वस्थ करते.

संकेतस्थळावर नोंदणीचा नकाशा पाहणाऱ्या आईवडिलांना असे वाटते, की धोका त्या लाल ठिपक्यांच्या घरात आहे. वास्तवात मुलांवर अत्याचार करणारी दहापैकी नऊहून अधिक माणसे त्या मुलाच्या ओळखीची असतात: नातेवाईक, कुटुंबाचे मित्र, शिक्षक, प्रशिक्षक. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही यादीत नसतात, कारण ते कधी पकडलेच गेलेले नसतात. यापुढची गोष्ट फारशी बोलली जात नाही. गुन्हेगार घरातलाच असेल तर त्याचे नाव आणि पत्ता जाहीर होणे म्हणजे पीडित मूल कोण हेही शेजाऱ्यांना, शाळेला कळणे. तक्रार केली तर वडिलांचे किंवा मोठ्या भावाचे छायाचित्र आयुष्यभर संकेतस्थळावर राहील, हे ठाऊक असलेली आई कोणत्या मनःस्थितीत पोलिसांचा क्रमांक फिरवत असेल? ज्या मुलांसाठी कायदा केला, त्यांतल्याच काहींना तो गप्प बसवत असेल, तर त्याचे समर्थन मुलांच्या नावाने करता येत नाही.

राहण्याच्या अंतराचे नियम तर मला पूर्णपणे निरर्थक वाटतात. २००५ साली फ्लोरिडातल्या मायामी-डेड काउंटीने (जिल्ह्याने) शाळांपासून २,५०० फुटांच्या आत राहायला बंदी केली. राज्याचा नियम त्याआधीपासून १,००० फुटांचा होता. घनवस्तीच्या भागात एवढे मोठे वर्तुळ शाळांभोवती काढले की राहण्यासारखी जागाच उरत नाही. परिणामी ज्युलिया टटल कॉजवे या समुद्रावरच्या पुलाखाली माणसे राहू लागली. पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली, आणि काहींच्या वाहनचालक परवान्यावर पुलाचाच पत्ता होता. २०१० साली ती वसाहत हटवली गेली, पण नियम राहिला, त्यामुळे बेघर झालेली माणसे दुसऱ्या रस्त्यांच्या कडेला दिसू लागली. अशा बंदीने गुन्हे थांबतात का, हे मिनेसोटाच्या सुधारगृह विभागाने २००७ साली तपासले. पुन्हा लैंगिक गुन्हा केलेल्या २२४ जणांची प्रकरणे बारकाईने पाहिल्यावर, अंतराच्या नियमामुळे टळला असता असा एकही गुन्हा त्यांना आढळला नाही. ज्याला घर नाही, नोकरी नाही आणि कुटुंबाजवळ राहण्याची मुभा नाही, त्याच्यावर लक्ष ठेवणे पोलिसांनाही कठीण जाते. आयोवातल्या काउंटी अभियोक्त्यांच्या (सरकारी वकिलांच्या) संघटनेने २००६ साली आपल्या राज्यातल्या २,००० फुटांच्या नियमाला उघड विरोध केला, त्यामागे हेही कारण होते.

या साऱ्याचा भार नोंदीतल्या माणसापुरता थांबत नाही. माझ्याकडे येणाऱ्या त्या गृहस्थांची मुलगी, त्यांच्या सुटकेनंतर जन्मलेली, आता शाळेच्या शेवटच्या वर्गात आहे. तिच्या एकाही स्नेहसंमेलनाला ते गेलेले नाहीत. घरमालकांनी नकार दिले ते त्यांच्या पत्नीलाही दिले, आणि शाळेतल्या मुलांनी संकेतस्थळावरचे छायाचित्र एकमेकांना दाखवले ते त्या मुलीसमोर. तिने कोणता गुन्हा केला होता, हे मला कोणी सांगावे.

सर्वांत जास्त वेदना मात्र अल्पवयीनांच्या नोंदणीविषयी वाचताना झाल्या. संघीय कायदा काही गंभीर गुन्ह्यांसाठी चौदा वर्षांच्या मुलांचीही नोंदणी अपेक्षितो, आणि काही राज्ये त्याहून पुढे जातात. ह्यूमन राइट्स वॉचने २०१३ साली अशा मुलांवर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला: बालपणीच्या कृत्यासाठी नोंदले गेलेले, मग शाळा सोडावी लागलेले, घरापासून दूर ठेवलेले, प्रौढपणीही त्याच नावाने ओळखले जाणारे लोक त्यात आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एलिझाबेथ लटुर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की लैंगिक वर्तनासाठी उपचार घेणाऱ्या मुलांपैकी ज्यांची नोंदणी झाली होती, त्यांनी नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगण्याचे प्रमाण नोंदणी न झालेल्यांच्या चौपट होते, आणि एखाद्या प्रौढाने लैंगिक हेतूने जवळीक साधण्याचा प्रयत्न केल्याचे प्रमाण पाचपट होते. मुलांच्या रक्षणासाठी केलेली यादी मुलांनाच शिकाऱ्यांपुढे उभी करते, हे वाचून मी त्या रात्री पुढे काही वाचू शकलो नाही.

सुधारणेचे प्रयत्न संथ आहेत, पण आता ते खरोखर सुरू झाले आहेत. २०१४ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांची आजीवन नोंदणी घटनाबाह्य ठरवली. २०१६ साली मिशिगन ज्याच्या कक्षेत येते त्या सहाव्या मंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने मिशिगनच्या वाढीव नियमांना स्पष्ट शब्दांत शिक्षा म्हटले आणि ते जुन्या प्रकरणांना लावता येणार नाहीत असा निर्णय दिला. त्यानंतर २०२१ च्या दुरुस्तीत तिथले शाळांभोवतीचे निषिद्ध क्षेत्र गेले. २०१७ साली ‘पॅकिंगहॅम’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदीतल्या लोकांना समाजमाध्यमांवर येण्यास मनाई करणारा नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा रद्द केला. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या कायदेतज्ज्ञांच्या संस्थेने राज्यांसाठी नमुना म्हणून तयार केलेल्या आदर्श दंडसंहितेच्या सुधारित मसुद्यात नोंदणी लोकांसाठी खुली न ठेवता पोलिसांपुरती ठेवण्याची शिफारस केली आहे.

या शेवटच्या शिफारशीशी मी सहमत आहे. अर्थशास्त्राचे अभ्यासक प्रेस्कॉट आणि रॉकॉफ यांच्या २०११ च्या अभ्यासात पोलिसांकडच्या नोंदणीमुळे गुन्हे काही प्रमाणात कमी होत असल्याचे, पण तीच माहिती सर्वांसाठी जाहीर केल्यावर नोंदीतल्या लोकांकडून पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता वाढत असल्याचे संकेत मिळाले. म्हणून नोंदणी मुळासकट उपटून टाकावी, असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांबरोबर मी पूर्णपणे जाऊ शकत नाही. काही माणसे खरोखर धोकादायक असतात आणि ती कुठे आहेत हे तपास करणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे. पण ती माणसे लाखो नावांच्या गर्दीत दडलेली असताना पोलिसांचे तास हजेऱ्यांचे कागद भरण्यात जातात. जेकबची आई पॅटी वेटरलिंग यांनी स्वतः पुढाकार घेऊन पहिला संघीय कायदा घडवला, आणि नंतरच्या वर्षांत त्याच कायद्याच्या अतिविस्ताराविषयी, विशेषतः मुलांना त्यात ओढण्याविषयी, जाहीरपणे चिंता व्यक्त केली. त्यांच्या मुलाचे अवशेष २०१६ साली सापडले. इतके सोसलेल्या स्त्रीने आपल्याच मुलाच्या नावाच्या कायद्याकडे पुन्हा पाहिले, तर आपल्या लोकप्रतिनिधींना ते इतके अवघड का वाटावे?

कॅलिफोर्नियाने सत्तर वर्षे जवळजवळ सर्वांना आजीवन नोंदणीत ठेवले होते. २०१७ साली संमत झालेल्या आणि २०२१ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या कायद्याने तिथे दहा वर्षे, वीस वर्षे आणि आजीवन असे तीन स्तर केले. नाव आपोआप निघत नाही. मुदत संपल्यावर न्यायालयात अर्ज करावा लागतो, अभियोक्ता त्याला हरकत घेऊ शकतो, आणि अर्ज फेटाळला गेला तर न्यायाधीश ठरवतील तितका काळ, एक ते पाच वर्षे, थांबावे लागते. तरीही तिथे निदान एक दार आहे, आणि त्या दाराशी न्यायाधीश बसलेला आहे.

मी हे समजावून सांगितले तेव्हा त्या गृहस्थांनी विचारले, की कॅलिफोर्नियात राहायला गेलो तर आपल्यालाही असा अर्ज करता येईल का. मी एका वकीलबाईंना विचारून पुढच्या शनिवारी त्यांना उत्तर दिले: तिथे तुमचा स्तर तिथला कायदा ठरवेल, कदाचित तुम्ही सुटालही, पण इथल्या राज्याच्या संकेतस्थळावरून तुमचे नाव राज्य सोडल्यावरही काढले जाणार नाही. त्यांनी मान हलवली. मग आम्ही मुलीच्या पदवीदान समारंभाला हजर राहण्याची परवानगी मागणारे पत्र लिहायला घेतले, कारण त्या पत्राची मुदत शुक्रवारी संपणार होती.