ब्लाऊज घेऊन लायब्ररीत

मागच्या शनिवारी मी लायब्ररीत गेले ते पुस्तक आणायला नाही, ब्लाऊज सैल करायला. हसू नका. टेलरने आत चांगली दीड इंच माया सोडलेली, म्हणून वाचले, फक्त उसवायचं आणि परत टीप मारायची, पण घरी मशीन नाही आणि इथे हेलसिंकीत टेलरकडे जायचं म्हणजे ब्लाऊजपेक्षा शिलाई महाग.

तर ओदी. 2018 च्या डिसेंबरात, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी उघडलेली ही लायब्ररी बरोब्बर पार्लमेंटच्या समोर आहे, आणि वरची गॅलरी पार्लमेंटच्या पायऱ्यांच्या लेव्हलला ठेवलीय, मुद्दाम. पुस्तकं फक्त तिसऱ्या मजल्यावर, लाखभर असतील. खाली कॅफे, थिएटर. मधल्या मजल्यावर शिलाई मशीनं, ओव्हरलॉक, थ्रीडी प्रिंटर, गाणी रेकॉर्ड करायला स्टुडिओ. मशीन वापरायचे पैसे नाहीत, आधी बुक करायचं बस.

माझ्या शेजारी एक आजोबा तंबूची चेन बदलत बसले होते, पलीकडे एक कॉलेजचा पोरगा प्रिंटरसमोर उकिडवा बसून कसलंसं चाक तयार होताना बघत होता. मला बॉबिनच बसवता येईना, सारखा दोरा गुंतत होता. तिथल्या बाई आल्या, निमूटपणे तो सोडवला, मग ब्लाऊज उचलून बघितला आणि विचारलं, हे लहान मुलाचं का? साडी कशी नेसतात ते मी हातवारे करून सांगेपर्यंत दहा मिनिटं गेली, बुकिंगमधली.

आमच्या गावच्या वाचनालयात काउंटरच्या आत जायची सोय नव्हती, कपाटांना कुलपं, 'शांतता राखा'ची पाटी, नि काका देतील ते पुस्तक. तरी जीव होता त्याच्यावर. पण तिथे पुस्तक बदललं की निघायचं, बसून काय करणार? इथे बाहेर उणे अकरा असताना माणसं दिवसभर नुसती बसतात, कुणी विचारत नाही काय हवंय. इथला 2017 पासूनचा कायदाच लायब्ररीला वाचनाबरोबर लोकशाही आणि नागरिकांचा सहभाग वाढवायचं काम देतो.

वरून आईला व्हिडिओ कॉल लावला, सगळं फिरवून दाखवलं. ती म्हणाली, "ते सगळं राहू दे, दंडात बसतोय का ते सांग."