झोपेच्या कसोटीत चौथे चित्रही नापास

मागच्या नोंदीत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की हसत मरणाऱ्या काल्पनिक पात्रांच्या आपल्या चित्रसंग्रहातल्या 'मरताना ओठांवर हसू' या प्रकरणाचे चित्र ठरले असून आता फक्त कडा कातरायच्या राहिल्या आहेत. ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे. आठवड्यापूर्वी एका संध्याकाळी शीर्षक झाकून ते चित्र मी भाचीपुढे धरले. तिने क्षणभर पाहिले, "मामा, किती गाढ झोपली आहे ही," असे म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. झोपेच्या कसोटीत, म्हणजे शीर्षक न वाचता पाहणाऱ्याला पात्र मेलेले वाटते की झोपलेले या कसोटीत, नापास झालेले हे चौथे चित्र आहे.

चित्र अर्थातच काडेपेट्या विकणाऱ्या मुलीचे होते. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८४५ सालच्या या गोष्टीत सरत्या वर्षाच्या शेवटच्या रात्री ती मुलगी थंडीने गारठून मरते आणि सकाळी लोकांना दोन घरांमधल्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली सापडते, तेव्हा तिचे गाल लाल असतात आणि ओठांवर हसू असते. आपल्या संग्रहाच्या तिन्ही अटी ती निर्विवाद पूर्ण करते: पात्र काल्पनिक आहे, मृत्यूबद्दल संशय नाही आणि हसू प्रत्यक्ष ओठांवर आहे. शेवटच्या अटीबद्दल मी इतका हट्टी का आहे असे मला अनेकदा विचारले गेले आहे. आपण 'हसत हसत मृत्यूला सामोरा गेला' असे सहज म्हणतो, पण त्या वाक्प्रचारातले हसू बहुधा छातीतले असते, चेहऱ्यावरचे नव्हे. आणि चित्राला छातीतले हसू दाखवता येत नाही. १९७१च्या 'आनंद'चा शेवटही मी याच कारणाने बाजूला ठेवला, कारण तिथे नायकाचे हसू त्याच्या मृत्यूनंतर ध्वनिफितीवरून ऐकू येते.

माझी चूक कातरण्यात झाली. जुन्या आवृत्तीतल्या कोरीव चित्रातून मी केवळ चेहरा उचलला, आणि मिटलेले डोळे व वर वळलेले ओठ एवढेच उरले की पाहणाऱ्याच्या मनात झोपेखेरीज दुसरे काही येतच नाही. गालांच्या लालीचा तर येथे उलट उपद्रव होतो. गोष्टीत जी थंडीची खूण आहे, ती रंगवलेल्या प्रतीत निरोगीपणाची खूण बनते. म्हणून मी संपूर्ण चित्र घेतले, ज्यात भोवती जमलेली माणसे दिसतात आणि मृत्यू त्यांच्या चेहऱ्यांवरून कळतो. झोपेची कसोटी सुटली. मात्र लगेच हसू हरवले.

ते का हरवले हे शोधण्यात माझा आठवडा गेला. मूळ स्कॅन २४०० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात मुलीचे तोंड जेमतेम ६० पिक्सेल भरते. ओठांचा कोपरा मधल्या रेषेपेक्षा ४ पिक्सेल वर चढलेला आहे आणि सगळे हसू त्या चार पिक्सेलांत आहे. आपल्या चौकटीसाठी चित्र ३०० पिक्सेलांवर आणले की सगळे आठपट आकसते; तोंड साडेसात पिक्सेलांचे होते आणि हसण्याच्या वाट्याला अर्धा पिक्सेल येतो. अर्ध्या पिक्सेलात कोणी हसू शकत नाही. त्यातच कोरीव चित्रातल्या आडव्यातिडव्या बारीक रेषा लहान होताना एकमेकींत अडकून गालावर पट्टे उमटवतात. गिम्प या चित्रसंपादनाच्या संगणक-प्रणालीत आकार घटवण्याआधी हलका गॉशियन ब्लर दिला, म्हणजे चित्र किंचित धूसर केले, की पट्टे जातात, हा या आठवड्यातला माझा छोटासा विजय. ज्यांच्याकडे जुन्या कोरीव चित्रांचे स्कॅन आहेत त्यांनी तो करून पाहावाच. चित्र आपोआप 'सुधारून' मोठे करणाऱ्या एका साधनाचाही मी प्रयोग केला, पण त्याने मुलीला दात बसवले. अशा साधनांवर माझा यापुढे काडीचाही विश्वास नाही.

ब्लर देताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. त्याच फोल्डरमध्ये ठेवलेल्या एका रंगचित्राचे हसू धूसर केल्यावर गेले तर नाहीच, उलट अधिक जाणवू लागले. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी २००० साली मोनालिसाबद्दल जे मांडले होते ते येथे लागू पडते: ते हसू ओठांच्या बारीक तपशिलापेक्षा तोंडाभोवतीच्या आणि गालांवरच्या ढोबळ छायेत अधिक आहे, आणि म्हणूनच ओठांकडे रोखून पाहिले की ते ओसरते व नजर बाजूला गेली की परत येते. याचा आपल्या कामापुरता अर्थ असा की रेषेने काढलेले हसू लहान आकारात मरते आणि छायेने काढलेले तग धरते. मी आता प्रत्येक उमेदवार चित्र प्रथम डोळे बारीक करून पाहतो. त्यातही हसू दिसले तरच पुढची मोजमापे करतो. या चाळणीत माझ्या पेटीतली बहुतेक चित्रे गळाली, हे कबूल केले पाहिजे.

दुसरी चाळणी मानेच्या कोनाची. कथेतली माणसे मरतात ती बहुधा कोणाच्या तरी मांडीवर, आणि चित्रकार भाव दाखवतो जिवंत माणसाच्या बाजूने, त्यामुळे मरणाऱ्याचा चेहरा आडवा किंवा चक्क उलटा येतो. उलट्या चेहऱ्यावरचे भाव वाचण्यात आपण किती कच्चे असतो हे मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी १९८० साली दाखवले होते. चेहऱ्यातले डोळे आणि तोंड तेवढे उलटे बसवून पूर्ण चित्र उलटे धरले तर त्यातला भयंकरपणा जाणवतच नाही. 'डॉग ऑफ फ्लँडर्स'मधला नेल्लो मला याच कारणाने सोडावा लागला. १८७२च्या त्या कथेत कॅथेड्रलच्या फरशीवर कुत्र्याला मिठी मारून मेलेल्या त्या मुलाच्या ओठांवर हसू आहे, पण मला मिळालेल्या चित्रांत तो आडवा आहे, आणि चित्र फिरवावे तर खांब आडवे होतात.

सरळ बसून हसत गेलेला माणूस शोधायचा तर कोणाच्याही मनात प्रथम 'आशिता नो जो' ही एका मुष्टियोद्ध्याची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, येईल. १९७३ साली संपलेल्या त्या मांगाच्या शेवटच्या पानावर तेत्सुया चिबा यांनी जो याबुकीला रिंगणाच्या कोपऱ्यात मान खाली घालून मंद हसताना बसवले आहे, आणि आकृती जवळजवळ कोरी पांढरी सोडली आहे. नखाएवढे केले तरी हे चित्र बोलते. परंतु तो मेला की नाही यावर वाचक अजूनही भांडतात, आणि आपली दुसरी अट मीच लिहिलेली आहे. शिवाय चित्र प्रताधिकाराखाली आहे. मी ते पान तीनदा उघडले आणि तीनदा मिटले.

तरीही त्या पानाने मला परत काडेपेटीवाल्या मुलीकडे पाठवले, कारण दोघेही कोपऱ्यात बसलेले आहेत आणि दोघांचेही चेहरे उभे आहेत. जोचे मरण, ज्यांना ते दिसते त्यांना, त्या पांढरेपणात दिसते. मुलीचे कशात दिसावे? उत्तर गोष्टीतच होते आणि मी ते कातरून टाकत होतो. तिच्या हातात जळून गेलेल्या काड्यांचा जुडगा आहे. तो पाहून लोक म्हणतात की बिचारीला ऊब हवी होती. त्या उजेडात तिला काय काय दिसले हे एकट्या वाचकाला ठाऊक असते. म्हणजे बघे वगळले तरी चालेल, मात्र काळ्या काड्या आणि चेहरा एकाच चौकटीत हवेत, आणि चेहरा चौकटीच्या निम्म्या उंचीचा तरी हवा. असे तयार चित्र मला मिळालेले नाही.

हे लिहीत असतानाच एक जुनी गोष्ट आठवली. ही कथा चित्रावरूनच जन्मली होती: एका पंचांगाच्या संपादकाने अँडरसनला तीन चित्रे पाठवून त्यांपैकी एकावर कथा मागितली होती आणि त्याने योहान थॉमस लुंडब्यूचे काडेपेट्या विकणाऱ्या मुलीचे काष्ठचित्र निवडले. त्या चित्रात ती जिवंत आहे, काड्या न जळालेल्या आहेत. मग एका चौकटीचा हट्ट कशाला? वर लुंडब्यूची मुलगी आणि खाली तीच, काळ्या काड्यांसह, अशी दुहेरी चौकट केली तर पाहणारा तिला झोपलेली समजणार नाही, कारण दोन चित्रांमधल्या रिकाम्या पट्टीत रात्र सरलेली त्याला दिसेल. लुंडब्यू १८४८ साली वारला, तेव्हा हक्कांचा प्रश्न नाही. खालचे चित्र मात्र मलाच काढावे लागेल.

कच्चे रेखाटन सुरू केले आहे. रेषा टाळून पेन्सिलीच्या आडव्या अंगाने गालाखाली छाया भरली, आणि पाच हातांवरून डोळे बारीक करून पाहिल्यावर ती हसते आहे असे वाटले. जवळ गेलो तर डाव्या कोपऱ्यात छाया जास्त झाल्याने ती कुत्सित दिसत होती, म्हणून तेवढा भाग खोडून ठेवला आहे. काड्या आधी पुऱ्या करतो, तोंड शेवटी. भाचीला अद्याप काहीही दाखवलेले नाही.