पाणंदींचा नकाशा, नोंद तिसरी : रिसीव्हर आणि सॉफ्टवेअरची निवड

पन्हाळ्याच्या पायथ्याकडील उसाच्या शिवारांतून जाणाऱ्या पाणंदी एकेक करून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चढवण्याचे काम उन्हाळ्यात हाती घेतले होते. आजवर चौदा पाणंदी पूर्ण झाल्या आहेत. हे काम मोबाइलवरही होते; परंतु जुनी टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचा छापील नकाशा), आजचा नकाशा आणि आपण चालत असलेली रेघ एकमेकांवर ठेवून तिथल्या तिथे पडताळायची असेल, तर लॅपटॉपचा मोठा पडदाच बरा पडतो, असे माझे मत अजून कायम आहे.

लॅपटॉपला जोडायचा जीपीएस रिसीव्हर निवडताना मी आधी चॅनेलच्या, म्हणजे एका वेळी उपग्रहांचे किती संकेत पकडता येतात त्याच्या, आकड्यांना भुललो, हे कबूल करतो. एका मित्राकडून उसना आणलेला चुंबकाचा गोल रिसीव्हर सिर्फस्टार ४ चिपचा होता. गाडीच्या टपावर तो घट्ट बसत असे, मात्र त्यातील यूएसबी जोडणीच्या जुन्या चिपला माझ्या नव्या लॅपटॉपवर ड्रायव्हरच मिळेना. त्यानंतर यू-ब्लॉक्स ७ ची अंगठ्याएवढी काडी घेतली. ती एका वेळी जीपीएस किंवा रशियाची ग्लोनास यांपैकी एकच प्रणाली पकडते, तर एम८ मालिकेतील रिसीव्हर दोन्ही एकत्र वापरतो. म्हणून शेवटी एम८ वर स्थिरावलो. त्याच्या माहितीपत्रकातील २.५ मीटर अचूकतेचा अर्थ निम्मी वाचने तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात पडतात एवढाच आहे, उरलेली निम्मी बाहेर जातात. नाविक या भारताच्या उपग्रह प्रणालीबद्दल बरेच जण विचारतात. त्याच्या जुन्या उपग्रहांचे संकेत एल५ आणि एस पट्ट्यांत आहेत, एल१ पट्टा मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून आला, त्यामुळे एल१ पट्ट्यावरच चालणाऱ्या, त्याआधीच्या बनावटीच्या माझ्या रिसीव्हरला नाविकचा उपयोग नाही. गगनचा, म्हणजे जीपीएसमधील चूक उपग्रहामार्फत दुरुस्त करणाऱ्या भारतीय व्यवस्थेचा, मात्र आहे : रिसीव्हर लॅपटॉपला पाठवतो त्या मजकुराच्या ओळींपैकी जीजीए ओळीतील दर्जाचा आकडा १ चा २ झाला, की गगनची दुरुस्ती लागू झाली असे समजावे.

काडी थेट लॅपटॉपमध्ये खोचू नये. घराच्या गच्चीवर दहा मिनिटे एकाच जागी ठेवून पाहिले, तेव्हा लॅपटॉपला चिकटलेल्या काडीची रेघ गुंतलेल्या मांजासारखी दिसत होती. दीड मीटरच्या एक्स्टेन्शन वायरने ती दूर केल्यावर तोच गुंता एका लहानशा ठिपक्यात मावला. चॅनेलची संख्या वाढवून जे साधले नाही, ते या वायरीने साधले.

एके सकाळी लॅपटॉप सुरू करताच पडद्यावरचा बाण आपोआप धावू लागला आणि फायली उघडू लागल्या. व्हायरस शिरला अशी माझी खात्रीच झाली होती. कारण निराळे निघाले : सुरू होताना पोर्टवर आधीच वाहत असलेल्या जीपीएसच्या ओळींना विंडोज जुन्या पद्धतीचा सिरियल माउस समजते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीतील ‘सिरियल बॉलपॉइंट’ ही नोंद डिसेबल करावी. ती काढून टाकल्यास पुढच्या वेळी परत उगवते.

सॉफ्टवेअरमध्ये नकाशे हाताळणारे क्यूजीआयएस निवडले. ते जड आहे, सुरू व्हायला वेळ घेते आणि नवख्याला घाबरवते. पण निर्देशांक प्रणालींचा (जागेचे आकडे मांडण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचा) हिशेब त्याच्याइतका चोख ठेवणारे दुसरे फुकट साधन मला सापडले नाही. जीपीएसचे पॅनेल त्यातच आहे आणि आलेल्या ओळी जशाच्या तशा फायलीत साठवताही येतात. एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला उघडता येतो, त्यामुळे उपग्रह पाहण्यासाठी यू-ब्लॉक्सचे यू-सेंटर उघडले असेल तर ते आधी बंद करावे. लिनक्सवर जीपीएसडी हा प्रोग्रॅम त्याच ओळी अनेकांना वाटून ही अडचण दूर करतो. शिवारात नेट नसते आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून नकाशाचे तुकडे घाऊक उतरवण्यास मनाई आहे, म्हणून ओपनस्ट्रीटमॅपची माहिती विभागवार देणाऱ्या जिओफॅब्रिककडील भारताच्या पश्चिम विभागाची फाइल उतरवून त्यातून आपला जिल्हा वेगळा काढला.

साठवलेल्या ओळी स्प्रेडशीटमध्ये घेताना एक चूक पूर्णपणे माझी होती. रंकाळ्यावर घेतलेले वाचन १६४१.४ आणि ०७४१२.६ असे होते. मी ते १६.४१४ आणि ७४.१२६ अंश म्हणून भरले आणि रंकाळा मुरगूडच्या पश्चिमेला, तीस किलोमीटर दूर जाऊन बसला. या ओळींत अंशांच्या पाठोपाठ मिनिटे असतात, त्यामुळे शेवटच्या भागाला ६० ने भागावे लागते : १६.६९ आणि ७४.२१.

टोपोशीटने याहून अधिक दमवले. पन्हाळ्याची ४७ एल/१ ही जुनी शीट स्कॅन करून कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवर बसवली, तर माझी रेघ गाडीवाटेला समांतर, पण शंभराहून अधिक मीटर बाजूने धावू लागली. आधी रिसीव्हरवरच संशय घेतला. दोन रविवार वाया गेल्यावर लक्षात आले, की जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) काढलेल्या आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हे वेगळे माप वापरतो. शीटला ‘कल्याणपूर १९७५’ ही एव्हरेस्टवर आधारलेली प्रणाली दिली आणि लांबी-रुंदी मोजण्यासाठी प्रकल्प यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत ठेवला, तेव्हा गाडीवाट आणि रेघ एकमेकींवर आल्या.

तेव्हापासून पुतण्या गाडी चालवतो, मी लॅपटॉप मांडीवर घेतो आणि रिसीव्हर टपावर असतो. गेल्या रविवारी एका बांधावरच्या आजोबांनी गाडी थांबवून विचारले, “काय मोजताय सायेब? रस्ता हुणार हाय काय?” मोजणी सरकारी नाही हे पटवण्यात अर्धा तास गेला, पण कोणती पाणंद कुठे बुजली आहे हे त्यांनीच सांगितले. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस उभा असलेल्या तीन पाणंदींत वाचने अजून आठ-दहा मीटर हलतात. तो ऊस तुटून कारखान्याला गेला, की त्या तीन पाणंदी पुन्हा चालायच्या आहेत.