हजारो वर्षं चालत आलंय, मग तपासायचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वनस्पतींमधली रसायनं वेगळी काढून त्यांचा गुण तपासणं हे माझं काम. ते कळलं की टेकडीवर, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच, "ताई, आपले पूर्वज हजारो वर्षं हे झाडपाल्याचं औषध घेत आले. गुण नसता तर टिकलं असतं का? मग पुन्हा तपासायचं कशाला?"

अनुभवाला मी कमी लेखत नाही. पाला चावला आणि तासाभरात उलट्या झाल्या, काढा घेतला आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला, हे अनुभवाला पक्कं कळतं. पण आज घेतलेल्या मुळीचा परिणाम दहा-पंधरा वर्षांनी दिसला, तर त्या दोन गोष्टींची सांगड कोण घालणार? वैद्य कितीही जाणता असो, तोवर रोगी गाव सोडून गेलेला असतो किंवा जगातूनच गेलेला असतो.

सापसणीचंच बघा. आपल्याकडची ही औषधी वेल ॲरिस्टोलोकिया या गटातली. या गटातल्या वनस्पती भारतात, चीनमध्ये, युरोपातही शतकानुशतकं औषध म्हणून वापरात होत्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनौषधी घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडं एकीमागून एक निकामी होऊ लागली. शोध घेतल्यावर कळलं की एका मुळीच्या जागी जवळजवळ त्याच नावाची दुसरी मुळी आली होती, आणि ती ॲरिस्टोलोकियाची होती. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. या वनस्पतींमधलं ॲरिस्टोलोकिक आम्ल पेशींच्या डीएनएला चिकटतं आणि त्यात ठरावीक प्रकारचा बिघाड करतं. तो इतका ठळक असतो की गाठीतला डीएनए वाचून कारण ओळखता येतं. बाल्कन देशांत तर गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या याच गटातल्या रोपाचं बी पिठात जात होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या घरंच्या घरं मूत्रपिंडाच्या आजाराने खचत होती. शतकानुशतकांच्या वापराने हे उघड केलं नाही. ते उघड केलं प्रयोगशाळेने.

तपासणी म्हणजे फक्त दोष काढणं, असा समज मात्र करून घेऊ नका. कित्येकदा परंपरा रानाची वाट दाखवते आणि रानात सापडतं भलतंच. पुण्यातल्या निम्म्या बाल्कन्यांत सदाफुली असते, आणि साखरेसाठी तिची फुलं-पानं चावणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. १९५०च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनीही मधुमेहावरचा उपाय म्हणूनच तिच्या पानांचा अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. इथे दुसरा कुणी प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. त्यांनी मात्र पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो आजार, म्हणजे ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, डोळ्यांसमोर आणला. त्या वाटेने विनब्लास्टिन आणि मग विनक्रिस्टिन ही औषधं आली. ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांवर आजही विनक्रिस्टिन वापरतात. टनभर वाळलेल्या पानांतून ते काही ग्रॅमच निघतं. म्हणून सकाळी चार पानं चावून कर्करोग टळत नाही, आणि जे रसायन पांढऱ्या पेशी मारतं ते रोज थोडंथोडं पोटात घालण्यात शहाणपणही नाही.

कधी जुन्या पोथीतलं एक वाक्यच कामाला येतं. मलेरियावर किंगहाओ नावाच्या झुडपाचे अर्क चीनमध्ये कधी लागू पडत, कधी नाही. चिनी संशोधक तू योयो यांनी चौथ्या शतकातल्या ग्रंथात वाचलं की हे झुडूप पाण्यात भिजवून पिळून प्यायचं. उकळायचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने गुण जात असेल, असं धरून त्यांनी १९७१मध्ये कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं, आणि त्या अर्काने प्राण्यांमधला मलेरिया बरा झाला. त्यातूनच मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध मिळालं. २०१५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. परंपरेला शब्दाशब्दाने इतकं गंभीरपणे घेणं मला फार मोठं वाटतं.

आणि नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ मनरो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे रसायन वेगळं केलं. कर्करोगावरची दोन औषधं त्यावरून तयार झाली. तेच रसायन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात आहे.

आता गुळवेल, कारण शेवटी प्रश्न तिच्यावरच येतो. करोनाच्या काळात टेकडीवरून, कडुनिंबावरून वेली ओढून नेणारे लोक मी पाहिलेत. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मांडलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती वनस्पती नीट ओळखलेली नाही, दिसायला तशीच दुसरी जात असू शकते. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती दिली. त्यांतल्या बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. लाखो लोकांनी घेतली, बहुतेकांना काही झालं नाही, हेही खरंच. पण ज्यांना मुळात असा आजार आहे किंवा थायरॉइडसारखी प्रतिकारशक्तीशी जोडलेली तक्रार आहे, त्यांनी ती स्वतःच्या मनाने सुरू करू नये, असं मी स्पष्ट सांगते.

ओळखीबद्दल शंका असेल तर पान, खोड आणि असेल तर फूल असलेला ताजा तुकडा पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत किंवा कोरेगाव रस्त्यावरच्या बोटॅनिकल सर्व्हेमध्ये न्या. तिथे वनस्पती ओळखणारी माणसं आहेत. काढा घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, जेवणावरची वासना गेली, तर त्याच दिवशी तो थांबवा. आणि डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगा. बहुतेक जण ते सांगतच नाहीत, कारण डॉक्टर विचारतात, "औषधं कुठली चालू आहेत?" आणि काढा रोग्यांच्या लेखी औषधात धरलेलाच नसतो.