चघळण्यापासून ‘पुन्हा वाच’पर्यंत

माझी मुलगी आता अडीच वर्षांची आहे. स्वतः पुस्तक निवडून आणणे, मांडीवर येऊन बसणे आणि शेवटचे पान मिटताच ‘पुन्हा वाच’ म्हणत पहिले पान उघडणे हा तिचा रोजचा क्रम झाला आहे. ही गोडी तिला उपजतच असावी असे घरी येणाऱ्यांना वाटते. प्रत्यक्षात ती हळूहळू लागत गेली आणि तिच्या वाढत्या वयाबरोबर आम्हा मोठ्यांना अनेक गोष्टी ठरवाव्या लागल्या. मूल शाळेत जायला लागले की मग पुस्तके आणायची, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट असल्याने हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला.

ती सहा महिन्यांची असताना आम्ही पहिली पुस्तके आणली. एक कापडी होते, बाकीची जाड पुठ्ठ्याची आणि गोल कोपऱ्यांची. त्या वयात हाती आलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाणारच, कारण वस्तू ओळखण्याचे बाळाचे तेच साधन असते. म्हणून ओल्या फडक्याने पुसता येतील अशी पुस्तके निवडली आणि चघळण्याला हरकत घेतली नाही. माझ्या आईला हे प्रथम रुचले नाही. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करण्याच्या संस्कारात ती वाढलेली, त्यामुळे नातीने पुस्तकाचा कोपरा चावणे तिला खटकणे स्वाभाविक होते. मात्र तीच बाळी पानावरील मांजराकडे टक लावून पाहते, हे दिसू लागल्यावर तिचा विरोध मावळला.

नवव्या-दहाव्या महिन्यात मुलगी चित्रातला चेंडू बोटांनी उचलायचा प्रयत्न करू लागली. तो उचलला जात नाही म्हणून पान खरवडायची, पुन्हा पाहायची. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये नेमके हेच वर्तन नोंदवले आहे: नऊ महिन्यांची बाळे चित्रातील वस्तू पकडू पाहतात, तर एकोणीस महिन्यांच्या सुमारास ती पकडण्याऐवजी तिच्याकडे बोट दाखवू लागतात. चित्र म्हणजे वस्तू नव्हे, ती वस्तूची खूण आहे, ही समज या मधल्या काळात घडते. हे वाचल्यापासून पान खरवडणाऱ्या तिच्या बोटांकडे मी फार आदराने पाहू लागलो.

बोट दाखवणे सुरू झाले तेव्हा वाचनाला खरा रंग चढला. ती बोट ठेवून ‘हे?’ म्हणायची, मी नाव सांगायचो. पुढे मी विचारायचो आणि ती सांगायची. ती ‘भूभू’ म्हणाली की मी ‘हो, काळा भूभू, झोपलाय’ असे म्हणून तिच्याच शब्दाला दोन शब्द जोडायचो. या काळात मजकूर क्रमाने वाचण्याचा आग्रह मी धरला नाही. ती ज्या पानावर थांबेल तिथे थांबायचे आणि तिने पुस्तक मिटले की वाचन संपले, एवढाच नियम पाळला.

आईची पद्धत आणखी वेगळी. ती कोल्हापूरची आहे आणि छापलेल्या ओळींकडे न पाहता चित्रावरून स्वतःची गोष्ट सांगते. मी ‘म्हैस पाण्यात बसली आहे’ असे वाचतो, त्याच पानावर आई ‘म्हस बघ, पाण्यात कशी बसलीया’ म्हणते आणि पुढे तिच्या माहेरच्या गोठ्यातील म्हशींची हकिकत जोडते. या दोन भाषांनी मुलीचा गोंधळ होईल, अशी शंका एका नातेवाइकांनी व्यक्त केली होती. तसे काही झाले नाही. उलट, मी छापलेला एखादा शब्द गाळला तर ती मला अडवते, आणि आजी छापल्याप्रमाणे वाचू लागली तर ‘तुझी गोष्ट सांग’ असा हट्ट धरते. मला हे फार मोलाचे वाटते. छापील मराठी तिला पुस्तकातून मिळते आणि आजीची मराठी तिला आजीखेरीज कुणीच देऊ शकणार नाही.

दीड वर्षानंतर एकाच पुस्तकाची आवर्तने सुरू झाली. मोठ्यांचा धीर याच टप्प्यावर सुटतो आणि ‘आज दुसरे वाचू या’ असे सहज तोंडून निघते. ससेक्स विद्यापीठातील जेसिका हॉर्स्ट यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग इथे मला उपयोगी पडला. वेगवेगळ्या गोष्टींतून तेच नवे शब्द ऐकणाऱ्या मुलांपेक्षा एकच गोष्ट वारंवार ऐकणाऱ्या मुलांना ते शब्द अधिक चांगले लक्षात राहिले होते. मुलीच्या बाबतीत मला दिसले ते असे: आधी ती ओळीतला शेवटचा शब्द पूर्ण करू लागली, मग अर्धी ओळ, आणि एके दिवशी पुस्तक समोर धरून बाहुलीला ती सगळी गोष्ट माझ्याच चालीत सांगू लागली.

पुस्तके आम्ही कपाटात न ठेवता जमिनीलगतच्या फळीवर, मुखपृष्ठे समोर दिसतील अशी मांडली. फाटलेली पाने चिकटपट्टीने तिच्यासमोरच जोडली. दोन वर्षांपर्यंत मोबाइल तिच्या हाती दिला नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही तशीच शिफारस आहे. ‘अक्षरे कधी शिकवणार?’ हा प्रश्न अनेकांनी विचारला. चित्रातल्या हत्तीवर बोट ठेवणाऱ्या मुलीला त्याखालच्या ‘ह’कडे वळवणे मला मान्य नव्हते, आणि आजही नाही.

सर्वांत जास्त कष्ट मराठी पुस्तके शोधण्यात पडले. पुठ्ठ्याची बहुतेक पुस्तके फळे, प्राणी, वाहने अशी एका पानावर एक चित्र आणि एक शब्द एवढ्यावरच थांबतात. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांच्या चित्रपुस्तकांनी आम्हाला मोठा आधार दिला. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरील मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्याने त्या छापून, टाचून घरीच पुस्तके तयार करता आली. पण यांतील बरीचशी पुस्तके पातळ कागदाची आहेत आणि दीड वर्षाच्या हातात ती टिकत नाहीत. प्रत्येक पानावर दोनच ओळी, ओळखीचे घर, ओळखीची माणसे आणि तरीही पुढे काय होते याची उत्सुकता असणारी गोष्ट जाड पुठ्ठ्यावर छापलेली मिळावी, अशी माझी प्रकाशकांना मनापासून विनंती आहे. अशी पुस्तके निघाली तर विकत घेणारे पालक आहेत. पुस्तकांच्या दुकानांत हाच प्रश्न विचारणारे इतर आईवडील मला वारंवार भेटले आहेत.