देव तुम्हाला सांगतो का, असे तुम्ही विचारलेत म्हणून

हा प्रश्न मला दोन ठिकाणी विचारला जातो. शाळेच्या स्टाफरूममध्ये सहकारी विचारतात, "मॅडम, तुम्ही प्रत्येक गोष्टीआधी प्रार्थना करता, मग तुमचा देव तुम्हाला खरोखर उत्तर देतो का?" रविवारी उपासना संपली की आमच्या ख्रिस्ती मंडळीतील तरुण मुले विचारतात, "ताई, देवाची इच्छा ओळखायची कशी?" पहिल्या प्रश्नात कुतूहल असते, क्वचित टोचणीही असते. दुसऱ्यात घाई असते, कारण विचारणाऱ्याला अंकलेश्वरच्या कारखान्याला आठ दिवसांत होकार कळवायचा असतो, किंवा घरच्यांनी पाहिलेल्या स्थळाला. आजवर मी दोघांनाही ठरावीक चार वाक्ये सांगून मोकळी होत आले. गेल्या महिन्यात मात्र एका मुलाने माझे बोलणे पुरते ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "ताई, तुमचा विश्वास कमी झाला आहे का?" त्याच्या मनात वाईट काही नव्हते, तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून जे आहे ते एकदा लिहून काढते.

मला कधीही आवाज ऐकू आलेला नाही. हे आधी सांगितले पाहिजे, कारण माझ्या जुन्या साक्षी ऐकलेल्यांचा तसा समज झालेला असू शकतो आणि त्या समजाला मीच कारण आहे. धडगाव तालुक्यातील पाड्यावरच्या शाळेत आठ वर्षे काढल्यावर मी बदलीसाठी उपास-प्रार्थना केली, एका सकाळी वाचनात 'तुम्ही या डोंगराभोवती पुष्कळ दिवस फिरला आहात' या अर्थाचे, बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकातले वचन आले आणि त्याच उन्हाळ्यात माझी बदली नंदुरबार तालुक्यात झाली. ही साक्ष मी मंडळीत उभी राहून दिली, ती पुढे आणखी दोन गावांत दिली आणि दर वेळी ती थोडी अधिक ठाम होत गेली. माझ्या जागी ज्या बाई धडगावला गेल्या, त्यांचे मूल तेव्हा दीड वर्षाचे होते. माझ्या साक्षीत त्या बाई कधीच आल्या नाहीत. देवाने मला डोंगरातून खाली आणले असे मी म्हणत होते. त्याच डोंगरावर त्याने कोणाला पाठवले, हे मी स्वतःला विचारलेदेखील नव्हते.

अर्थात त्या बदलीत देव नव्हता असेही मी आज म्हणणार नाही. मी कृतज्ञ होते आणि आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की खुणा वाचण्याची सवय मला तिथे लागली, आणि ती सवय घेऊन मी २०१६ च्या मे महिन्यात माझ्या वडिलांच्या खाटेशेजारी बसले होते.

आबा रेल्वेतून निवृत्त झालेले, मधुमेह वीस वर्षांचा. पायांची संवेदना जवळजवळ गेलेली होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, दुपारी गच्चीवरच्या फरशीवर पाय ठेववत नाही. आबा त्या फरशीवर अनवाणी जाऊन वाळवण उचलून आले आणि त्यांना काहीच जाणवले नाही. तळपायाला आलेले फोड आईने दुसऱ्या दिवशी पाहिले. दोन आठवड्यांत अंगठा काळा पडला, मग शेजारचे बोट, मग पायाला वास येऊ लागला. नंदुरबारमधील ज्या खासगी दवाखान्यात आम्ही त्यांना ठेवले होते, तेथील सर्जनने मंगळवारी सकाळी मला बाजूला बोलावून सांगितले की उद्याच गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. गुडघा राहिला तर कृत्रिम पाय लावून माणूस बरेच चालू शकतो, विष वर चढले तर गुडघाही जाईल आणि कदाचित माणूसही, असे त्यांनी कागदावर रेघ मारून समजावले. सही मी करायची होती. भाऊ सुरतेला होता, तो फोनवर म्हणाला, "अक्का, डॉक्टर म्हणतात ते कर." आई रडत होती. आबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तू सांगशी ते."

मी सही केली नाही. मी म्हणाले, एक दिवस द्या.

का, ते सांगायचे तर चार महिने मागे जावे लागेल. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्याकडे प्रत्येक जण नव्या वर्षाचे वचन काढतो. ताटात घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात, त्यांतली एक उचलायची. त्या रात्री आबांच्या हाती एकशे एकविसाव्या स्तोत्राची तिसरी ओळ आली होती, तो तुझा पाय ढळू देणार नाही, ही. चिठ्ठी त्यांच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, होती आणि शास्त्र दवाखान्यात उशाशी होते. पायाच्या आजारात पायाचे वचन. माझ्यासारख्या खुणा वाचणाऱ्या बाईला यापेक्षा स्पष्ट काय हवे होते? संध्याकाळी मंडळीतील वडीलजन भेटायला आले, त्यांतील एकाने तेल लावून प्रार्थना केली आणि जाताना आसा राजाची आठवण करून दिली. आसाला कारकिर्दीच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पायाचा रोग जडला आणि त्या रोगातही त्याने परमेश्वराऐवजी वैद्यांचा शोध केला, असे शास्त्रातील इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिले आहे. दोन वर्षांनी तो मेला. ते गृहस्थ प्रेमानेच बोलले होते. पण ते गेल्यावर सही करणे म्हणजे आसा होणे, असे माझ्या मनाने घेतले.

मग मी गिदोनासारखे केले. शास्त्रातील गिदोनाने लोकर खळ्यात ठेवून देवाकडे खूण मागितली होती, की दहिवर फक्त लोकरीवर पडावे आणि जमीन कोरडी राहावी. मी मागितले की सकाळी आबांची साखर दोनशेच्या खाली आली तर शस्त्रक्रिया करायची नाही, असा अर्थ मी घेईन. सकाळी आकडा १८४ आला. सिस्टरने कागद दाखवला तेव्हा मी तिथेच गुडघे टेकले. आदल्या संध्याकाळी इन्सुलिनची मात्रा वाढवली होती, हे मला ठाऊक होते. ती मात्रा त्यांनी माझ्या देखत दिली होती. आज मला स्वतःबद्दल सर्वांत कठीण वाटणारी गोष्ट हीच आहे: मला फसवणारे दुसरे कोणी नव्हते, मी माहीत असलेली गोष्ट बाजूला सारली आणि त्या रिकाम्या जागेला विश्वास म्हटले. गिदोनाने दुसऱ्या रात्री उलट खूण मागितली होती, म्हणून मीही दुसऱ्या रात्री ताप उतरण्याची खूण मागितली, आणि ताप उतरला, कारण तापाचे औषध चालू होते.

शुक्रवारी पहाटे आबा बरळू लागले. ते स्टेशनवरच्या ड्युटीची नावे घेत होते, मला ओळखत नव्हते, रक्तदाब खाली चालला होता आणि मांडीपर्यंत लाली चढली होती. सर्जन रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी तोच कागद पुन्हा काढला आणि रेघ गुडघ्याच्या वर मारली. मी सही केली. सही करताना प्रार्थनेचा एक शब्दही मनात आला नाही.

आबा वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पांघरुणाखाली हात घालून चाचपले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "कसाले रडस? पाय गया, मी शे ना." त्यानंतर ते दोन वर्षे चार महिने जगले. कृत्रिम पाय करून आणला होता, पण गुडघा नसला की त्या पायावर चालायला कितीतरी जास्त ताकद लागते आणि अडुसष्टाव्या वर्षी ती त्यांच्यात नव्हती. तो पाय कपाटामागे उभा राहिला. आबा ओसरीतल्या खाटेवर राहिले.

आता माझी बाजूही मांडते, कारण ती कोणी मांडत नाही. पुढे धुळ्याच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागदपत्रे पाहून सांगितले की रक्तपुरवठा आधीच इतका बिघडलेला होता की बुधवारी गुडघ्याखाली कापले असते तरी जखम भरली नसती आणि पुन्हा वर कापावे लागले असते. तसे असेलही. त्या तीन दिवसांत आमच्या घरातील कोणी निर्धास्त नव्हते, कोणी देवाच्या नावावर हात झटकून बसले नव्हते. आम्ही रात्र रात्र जागत होतो. ज्यांना श्रद्धा म्हणजे आळस वाटतो, त्यांनी ती रात्र पाहायला हवी होती. पण मी हे लिहीत असतानाच मला कळते आहे की त्या डॉक्टरांचे वाक्य मी गेली कित्येक वर्षे चिठ्ठीसारखेच जपून ठेवले आहे.

शास्त्राकडे मी पुन्हा गेले ती रागाने. स्तोत्र एकशे वीस ते एकशे चौतीस ही पंधरा आरोहणस्तोत्रे आहेत, यरुशलेमेस वर चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची. आबांच्या चिठ्ठीतले त्यांपैकीच. चढणीवर पाय घसरण्याची भीती असणाऱ्यांनी वाटेत म्हणायचे हे गाणे आहे, हे मला आधीही माहीत होते, मी ते रविवारशाळेत शिकवले होते. पण मला थांबवले ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायाने. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करतो आणि खाली उडी टाक म्हणतो, तेव्हा तो वचनच दाखवतो, आणि तेही पायाचे: देवदूत तुला झेलतील, तुझा पाय धोंड्यावर आपटणार नाही. वचन खरेच होते, एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातले. येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नको, असे तो म्हणाला. मी आबांना त्या शिरोभागी नेऊन उभे केले होते. उडी मात्र माझी नव्हती, त्यांची होती.

निर्णय एकाचा आणि त्याची किंमत दुसऱ्याची, हे विश्वासाच्या गोष्टी सांगताना आपण वगळतो. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, हे आमच्याकडे अभिमानाने सांगितले जाते, आणि ते अभिमानाचेच आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधल्या वर्षांत त्या बाईंनी काय सोसले, ते मी तरुणपणी भरभर वाचून पुढे गेले होते. आता जाऊ शकत नाही.

मग आता मी काय करते, हा तुमचा मूळ प्रश्न. प्रार्थना आजही आधी करते. मग माहिती गोळा करते, जाणत्या माणसांना विचारते, आणि या निर्णयाची झळ कोणाला लागणार आहे हे स्वतःला विचारते. खूण मागत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता तेव्हा त्याने प्रार्थना केली, त्याला पंधरा वर्षे वाढवून मिळाली, आणि तरी यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप लावायला सांगितलेच, हे मी आसाच्या गोष्टीशेजारी ठेवते. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात आहे. पवित्र आत्मा उतरल्यानंतर मात्र प्रेषितांनी कधी चिठ्ठ्या टाकल्याचे नव्या करारात आढळत नाही. मुलाच्या शिक्षणासाठी पतपेढीचे कर्ज काढताना, आईच्या मोतीबिंदूसाठी दवाखाना ठरवताना मी हेच केले. स्टाफरूममधील सहकारी यावर लगेच म्हणतात, "हे तर आम्हीही करतो, मग देव कशाला?" हा प्रश्न योग्य आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. मी एवढे सांगू शकते की सही केल्यानंतरची रात्र मला एकटीने काढावी लागत नाही, आणि चुकले तर कबूल करायला कोणीतरी आहे.

पण माझ्यातली ती जुनी बाई यावर गप्प बसत नाही. ती म्हणते, इस्राएल लोक रानात होते तेव्हा निवासमंडपावरचा, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या तंबूवरचा, मेघ हलेपर्यंत ते हलत नसत. शास्त्रातील 'गणना' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात लिहिले आहे की तो दोन दिवस राहो, महिना राहो की वर्षभर, ते तिथेच तळ देऊन राहत. ते लोक माहिती गोळा करत नव्हते. तू जखमी झालीस म्हणून देवाकडून काही मागायचेच सोडून दिलेस, आणि त्या भीतीला आता शहाणपण म्हणतेस. तिला उत्तर द्यायला बसले की काही दिवस मी जिंकते, काही दिवस ती. तिची प्रार्थना माझ्यापेक्षा जास्त जिवंत होती, हे मला नाकारता येत नाही. त्या मुलाने विचारले ते हेच होते. मी त्याला म्हणाले होते की पगार किती, खोलीचे भाडे किती, मागे आईजवळ कोण राहील, हे आधी लिहून काढ, मग आपण प्रार्थना करू. त्याला माझ्याकडून वचन हवे होते.

आबांची क्षमा मी मागितली होती, जाण्याच्या काही महिने आधी. मला वाटले ते म्हणतील, तुझी चूक नव्हती. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की थांबावे असे त्यांनाही वाटत होते. मी विचारले असते तर त्यांनीही थांब म्हटले असते, पण मी विचारलेच नाही, ते मीच ठरवले. त्यात क्षमा होती की तक्रार, हे मला अजून कळलेले नाही. ती चिठ्ठी त्यांनी शेवटपर्यंत काढून टाकली नाही, आणि ते स्तोत्र रोज झोपण्याआधी पाठ म्हणत. मंडळीत ते स्तोत्र वाचायला येते तेव्हा सगळे मिळून मोठ्याने म्हणतात. पहिल्या दोन ओळी मी म्हणते. तिसऱ्या ओळीला गप्प राहते आणि चौथीपासून पुन्हा म्हणू लागते.