पहाटेचे विमान, आणि उशीर झालाच तर

मुंबईहून निघताना मी शक्यतो पहाटेचे विमान धरतो, कारण तेच विमान दिवसभर शहरामागून शहरे करत असते आणि सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत फुगत जातो. त्यातच मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरात असते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला जाताना मात्र दुपारचे विमान बरे, कारण तिथले धुके पहाटेच दाट असते. उशीर झालाच, तर काउंटरवर हुज्जत न घालता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम सांगावा : वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला, अडीच तासांपर्यंतच्या प्रवासास २ तास किंवा त्याहून अधिक विलंब झाल्यास, खाणेपिणे विमान कंपनीने द्यायचे असते. गेल्या पावसाळ्यात एवढे म्हणताच समोरच्या मुलीने निमूटपणे उपम्याचे कूपन काढून दिले. उपमा गार होता, ही गोष्ट वेगळी.